भाचीला फिगर स्केटिंगच करायचंय, आर्वीकडून रस्ता कुठवर जातो?

कापूसकोंडी

नमस्कार मंडळी. एरवी मी शेतीच्या धाग्यांवर भाव सांगत फिरणारा माणूस. क्रीडा विभागात पहिल्यांदाच लिहितो आहे, सांभाळून घ्या.

माझी भाची बारा वर्षांची, सातवीत आहे. जावई, म्हणजे तिचे बाबा, कास्तकार, आर्वी तालुक्यात आतल्या गावात त्यांचं वावर. मधात पोरगी शिकायले वर्ध्याले मावशीपाशी होती, तिथं क्लासमध्ये चाकाच्या स्केटवर चढली ते आजवर उतरली नाही. शर्यतीत तिले रस नाही. एका पायावर जाणं, गिरक्या, उड्या, ज्याले आर्टिस्टिक म्हणतात ते करते. आता गावाले परत आली अन क्लास सुटला. मी बाजार समितीत मापारी आहे. सचिव साहेबांले विचारून, शेडमधले ढीग उचलले गेले की सांजीले तिले तिथं खेळू देतो. मधला कोबा गुळगुळीत आहे, खांबांपाशी उखडला आहे, तिकडे रिकामी पोती लावून ठेवतो.

आता झालं असं की मोबाइलवर अमेरिकेच्या फिगर स्केटर अलिसा लिऊचे व्हिडिओ पाहून तिनं धरलं आहे, मामा मले बर्फावर जायचं. ताई म्हणते खूळ आहे. जावई काहीच म्हणत नाहीत, ते जास्त अवघड. मले एवढंच विचारायचं आहे की फिगर स्केटरचं करिअर असते तरी कसं? कोणत्या वयात काय व्हावं लागते, पैसा कुठून येते, शेवटी हातात काय राहते? "पोलीस भरतीची तयारी करा" हा सल्ला कृपया देऊ नका, तो घरी रोज भेटते.

निंबाचा_पार

सल्ला देऊ नका म्हटलं की जीभ खाजवते बाप्पा.

मे महिन्यात आपल्याकडे पारा पंचेचाळीसच्या वर. बर्फ पाहायचा तर रसवंतीवर. अन पोट्टी बर्फावर जाईन म्हणते, मामा धागा काढते! ज्याले मैदान लागते अन दोन चड्ड्या, ते खेळ आपले. अमरावतीले हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ आहे, शंभर वर्षं उलटली त्याले, नेऊन टाका तिथं. जिम्नॅस्टिक्स करेल, मल्लखांब करेल. गिरक्याच मारायच्या ना?

हैदराबादी_वऱ्हाडी

कापूसकोंडी भाऊ, मूळचा अकोल्याचा आहे, आता हैदराबादेत. माझी मोठी लेक आर्टिस्टिक रोलर स्केटिंग करायची, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

पहिलं म्हणजे चाकं आणि बर्फ ही दोन वेगळी घरं आहेत. महासंघ वेगळे, स्पर्धा वेगळ्या, निवड वेगळी. चाकांवर भारतानं खरंच काही करून दाखवलं आहे. इथल्याच अनुप कुमार यामानं २०१० च्या ग्वांगझू आशियाई स्पर्धेत दोन कांस्य पदकं मिळवली, एक एकेरीत आणि एक अवनी पांचालबरोबर जोडीत. २०१५ मध्ये त्याला अर्जुन पुरस्कार मिळाला. बर्फावर मात्र आजवर भारताचा एकही फिगर स्केटर ऑलिम्पिकपर्यंत पोचलेला नाही. उलट बाजू अशी की आर्टिस्टिक रोलर ऑलिम्पिकमध्येच नाही. म्हणजे पोरीला ऑलिम्पिकच हवं असेल तर चाकांचा रस्ता तिकडे जात नाही. स्केटिंग हवं असेल तर तो तुमच्या शेडमधूनच जातो. हे तिलाच विचारा. बारा वर्षांच्या पोरींना आपण समजतो त्यापेक्षा बरंच कळतं.

खर्चाचं सांगतो. या प्रकारात स्केटचा जोड एका डब्यात येत नाही. बूट वेगळा, खालची प्लेट वेगळी, चाकं वेगळी. प्लेट वर्षानुवर्षं टिकते, बूट वाढत्या पायाला पुरत नाही. आमच्याकडे जुने बूट एका पोरीकडून दुसरीकडे जातात, ते विचारायला लाजू नका. चाकंही फरशी बघून घ्यावी लागतात. गुळगुळीत फरशीवर कडक चाक घसरतं, खरबरीत कोब्यावर मऊ चाक अडतं. मग प्रवास, ड्रेस, कोचची फी. आणि शाळेच्या आधी पहाटेचा सराव. आमच्या घरात त्या काळात रात्रीचे पाहुणे बंद झाले होते.

एक विचारतो. पोरगी फिगर्स करते का? जमिनीवर आखलेल्या वर्तुळावरून एका पायावर फेऱ्या मारायच्या असतात तो प्रकार. रोलरमध्ये त्याची स्पर्धा अजून होते.

कापूसकोंडी

दादा, तुमचं वाचून ताईले वाचून दाखवलं. "जुने बूट" इथं तिनं पहिल्यांदा मान वर केली.

वर्तुळाचं नाही माहीत. तिच्या क्लासमध्ये उड्याच शिकवत. कसं आखतात?

हैदराबादी_वऱ्हाडी

६ मीटर व्यासाची वर्तुळं, एकमेकांना चिकटून, इंग्रजी आठासारखी. ३ मीटर सुतळी घ्या, एक टोक मधोमध माणसाला धरायला द्या, दुसऱ्या टोकाला खडू. रेघ बारीक आणि एकसारखी हवी. सुतळी ताणली जाते, पातळ तार मिळाली तर उत्तम.

मग पोरीला सांगा, उजव्या पायावर बाहेरच्या कडेनं पूर्ण फेरी, मधल्या बिंदूवर पाय बदल, डाव्यावर दुसरी. चाकं रेघेवरून हलली नाही पाहिजेत. पहिल्या दिवशी चिडेल.

अल्बर्टाकर

धागा बघून राहवलं नाही. मी अमरावतीचा, सध्या कॅनडात कॅल्गरीला. पोरांना रिंकवर सोडायला जाता जाता मीही मोठ्यांच्या बॅचमध्ये शिकायला लागलो, पडतो जास्त. त्यामुळे बर्फाकडचं जेवढं रोज दिसतं तेवढं लिहितो.

पातं बघितलंय का जवळून? खालून ते सपाट नसतं, मधे लांबट खोबण असते, त्यामुळे एका पात्याला दोन कडा होतात, आतली आणि बाहेरची. स्केटर कायम एका कडेवर झुकलेला असतो. सपाट, दोन्ही कडांवर गेलात की पंच लगेच ओळखतात. पुढच्या टोकाला दाते असतात, काही उड्या ते बर्फात रोवून मारतात. उड्या सहा प्रकारच्या: टो लूप, साल्को, लूप, फ्लिप, लुट्झ, ॲक्सल. ॲक्सल एकटी तोंड पुढे करून घेतात आणि उतरतात मात्र पाठमोरं, म्हणून तिच्यात अर्धी गिरकी जास्त. तिहेरी उडीत माणूस हवेत पुरता एक सेकंदही नसतो, तेवढ्यात तीन गिरक्या. चौपट ॲक्सल स्पर्धेत पहिल्यांदा नीट उतरवली ती अमेरिकेच्या इलिया मालिनिननं, २०२२ च्या सप्टेंबरमध्ये. म्हणजे इतकी वर्षं खेळ चालू असून परवा-परवापर्यंत ती कुणालाच जमली नव्हती.

आता वय. इथं पोरी चार-पाच वर्षांच्या असताना बर्फावर येतात आणि बारा-तेराव्या वर्षी तिहेरी उड्यांवर काम चालू असतं. हे गोड करून सांगण्यात अर्थ नाही. पण एक गोष्ट तुमच्या बाजूची आहे. बीजिंग २०२२ मध्ये रशियाच्या पंधरा वर्षांच्या कमिला वालिएवाचं उत्तेजक प्रकरण झालं, त्यानंतर आंतरराष्ट्रीय संघटनेनं सीनियर गटाची किमान वयोमर्यादा १५ वरून १७ केली. कोवळ्या अंगानं उड्या मारून पोरी सतराव्या वर्षी खेळातून बाद, हे चक्र त्यानं थोडं तरी मंदावलं.

चाकांवरून बर्फावर गेलेली मोठी नावंही आहेत. टारा लिपिन्स्की लहानपणी रोलर स्केटर होती, नऊ वर्षांची असताना तिच्या वयोगटात अमेरिकेची रोलर विजेती. मग बर्फावर १९९८ चं नागानो सुवर्ण, वयाच्या पंधराव्या वर्षी. मात्र ती दोन्ही एकाच वेळी करत होती आणि घराजवळ रिंक होती, हेही लक्षात घ्या.

भारतात बर्फ कुठं? गुरुग्रामला मॉलमध्ये छोटी रिंक, शिमल्याला हिवाळ्यात गोठणारी जुनी नैसर्गिक रिंक, लेहला तळी आणि रिंक, आणि देहरादूनला मोठी बंदिस्त रिंक. देहरादूनची २०११ च्या दक्षिण आशियाई हिवाळी स्पर्धेसाठी बांधली होती, मग वर्षानुवर्षं बंद. २०२५ मध्ये परत सुरू झाली आणि त्याच ऑगस्टमध्ये तिथं आशियाई शॉर्ट ट्रॅक (बर्फावरच्या शर्यतीची) स्पर्धा झाली. भारताकडून खेळणारी आणि राष्ट्रीय विजेती ठरलेली तारा प्रसाद अमेरिकेत वाढली आहे. २०२५ ला हार्बिनच्या आशियाई हिवाळी स्पर्धेत ती उतरली होती. यावरून परिस्थिती समजून घ्या.

माझं मत विचाराल तर बर्फावर जायचं असेल तर याच वर्षी, नाहीतर नाही.

निंबाचा_पार

म्हणजे चार एकर वावर विकून देहरादूनले खोली करा. हेच सांगत होतो मी.

अल्बर्टाकर

काका, वावर विकायला कोण सांगतंय? पण तुमचं "आपले खेळ" पटत नाही. कोरियाला तरी किम युनाच्या आधी फिगर स्केटिंगमध्ये कुठं ऑलिम्पिक पदक होतं? २०१० ला व्हँकुव्हरमध्ये २२८.५६ गुण करून सुवर्ण घेतलं तिनं, तेव्हा तो विश्वविक्रम होता. मग कोरियातल्या पोरी रांगेनं आल्या.

आणि हो, तिलाही घर सोडून टोरोंटोला कोच ब्रायन ऑर्सरकडे राहावं लागलं होतं. हे तुमच्या बाजूचं आहे, मीच सांगून टाकतो.

हाडांचा_डॉक्टर

नागपुरात प्रॅक्टिस आहे, स्केटिंगची पोरं अधूनमधून येतात. करिअरवर बोलणार नाही, शरीरावर बोलतो.

उडीवरून उतरताना एकाच पायावर वजनाच्या कित्येक पट भार येतो. पोरगी बारा वर्षांची म्हणजे आता उंची झपाट्यानं वाढणार. या काळात हाड आधी लांबतं, स्नायू मागून येतात, काल जमणारी उडी आज जमत नाही. आईबापांना वाटतं पोरगी आळशी झाली, कोचला वाटतं सराव वाढवावा. तेव्हाच नडगीला, पावलाला ताणाचे बारीक फ्रॅक्चर होतात. दुखणं सरावानंतर थांबत नसेल, रात्री ठणकत असेल, तर "चालते" म्हणू नका.

सिमेंटच्या कोब्यावर उड्यांची संख्या मोजून ठेवा. लाकडी फरशी थोडी दबते, कोबा अजिबात दबत नाही. वर्तुळांचा जो सराव वर सांगितला आहे तो या दोन वर्षांसाठी सगळ्यात चांगला, त्यात आदळआपट नाही. आणि पोरीचं वजन हा घरात चर्चेचा विषय होऊ देऊ नका. या खेळात पोरी जेवण तोडतात, पाळी लांबते, हाडं ठिसूळ होतात. भाकरी, डाळ, दूध, अंडी चालत असतील तर अंडी. पोटभर.

कापूसकोंडी

डॉक्टरसाहेब, हे ताईले फोनवर शब्दशः सांगितलं.

काल वर्तुळं आखली. सुतळीचं एक टोक जावयांनी धरलं होतं, मी बोलावलं नव्हतं, बैलांले चारा टाकून स्वतःच आले. पोरीची पहिली फेरी अर्ध्यातच रेघेच्या हातभर बाहेर. चिडली. मग म्हणे, मामा, उजव्यानं बरोबर होते, डाव्यानंच पाय आत ओढते. जावई खाली बसून चाकं पाहत होते, म्हणाले डाव्या स्केटचा नट ढिला आहे. खरंच होता. पान्यानं कसला तर फरक पडला, पण पुरता नाही.

एक शंका: वर्तुळ काढून ऑलिम्पिकवाले कधी जिंकले का?

अल्बर्टाकर

जिंकले म्हणजे! मुळात खेळाला नावच त्यावरून पडलं. १९७२ ला ऑस्ट्रियाची बिआट्रिक्स शुबा वर्तुळांच्या जोरावर सुवर्ण घेऊन गेली, फ्री स्केटमध्ये, म्हणजे संगीतावर उड्या-गिरक्यांच्या भागात, ती खूप मागे होती. फ्री स्केट जिंकली जॅनेट लिन, तिला कांस्य. टीव्हीवर लोकांना वर्तुळं दिसतच नव्हती, फक्त नाच दिसायचा, त्यामुळे निकाल कुणाला समजेना. पुढच्याच वर्षी शॉर्ट प्रोग्रॅम, म्हणजे ठरलेल्या उड्या-गिरक्यांचा छोटा भाग, आणून वर्तुळांचं वजन कमी केलं, आणि १९९० नंतर आंतरराष्ट्रीय स्पर्धांतून ती काढूनच टाकली. जुने कोच अजून हळहळतात. रोलरवाल्यांनी ठेवली, ते बरं केलं.

जुनी_चाकं

मी चंद्रपूर जिल्ह्यातली. सहसा नुसतं वाचते. पण "शेवटी हातात काय राहते" हे वाचून लिहायला बसले.

मी आर्टिस्टिक रोलर केलं, राज्य आणि राष्ट्रीयपर्यंत. आमच्या कॉलनीत एक बास्केटबॉलचं कोर्ट होतं, उन्हाळ्यात पहाटे पाचला आणि रात्री नऊनंतरच पाय ठेवता यायचा. दहावीच्या वर्षी सोडलं. सोडायला कुणी लावलं नाही, पण चालू ठेव असंही कुणी म्हणालं नाही. आमच्या कोचनं (नाव नको) एकदा पालकांसमोर म्हटलं होतं की या पोरीत "स्टेज लूक" नाही. रंगाबद्दल होतं ते, सगळ्यांना कळलं. आई काही बोलली नाही, घरी येऊन तिनं माझ्या ड्रेसवर अजून टिकल्या लावल्या.

मग बरीच वर्षं काही नाही. नोकरी, लग्न. पुढे नागपूरला बदली झाली आणि एका क्लबनं स्पर्धेत गुण लिहायला माणूस हवा म्हणून बोलावलं. तिथून पंचांची परीक्षा दिली. आता शनिवार-रविवार पोरी शिकवते, स्पर्धांना पंच म्हणून जाते. पंचाला उडी पुरी फिरली की नाही, कोणत्या कडेवरून घेतली, हे डोळ्यांनी पकडावं लागतं, आणि ते पंधराव्या वर्षापर्यंत अंगात भिनलेलं असेल तरच दिसतं. बर्फावर तर यासाठी तांत्रिक पॅनेल असतं, व्हिडिओ मागे-पुढे करून बघतात. प्रत्येक घटकाला ठरलेलं मूल्य आणि त्यावर गुणवत्तेचे उणे-अधिक गुण, २०१८ पासून उणे ५ ते अधिक ५. २००२ च्या सॉल्ट लेक सिटी ऑलिम्पिकमधल्या पंचांच्या गोंधळानंतर जुनी ६.० ची (सहापैकी गुण द्यायची) पद्धत गेली तेव्हापासून असं घटकाघटकाला मोजतात. रोलरमध्येही आता तपशिलातच गुण देतात. सांगायचं काय तर या खेळात स्केटरच्या पलीकडेही माणसं लागतात: कोच, कोरिओग्राफर, पंच, तांत्रिक तज्ज्ञ, कॅम्पमधले फिजिओ. आपल्या भागात ती नाहीतच. वर्ध्याच्या क्लासमध्ये वर्तुळं का शिकवली नाहीत? कारण शिकवणाऱ्यालाही कुणी शिकवली नव्हती.

अल्बर्टाकर दादांचं "याच वर्षी, नाहीतर नाही" मला मान्य नाही. जग जिंकायचं असेल तर बरोबर. पण तेवढंच करिअर असतं का? तुमच्या भाचीला जिचे व्हिडिओ आवडतात ती अलिसा लिऊ २०२२ ला जागतिक कांस्य घेऊन सोळाव्या वर्षी खेळ सोडून गेली होती. कंटाळली होती. दोन वर्षांनी परत आली आणि २०२५ ला बोस्टनमध्ये जगज्जेती झाली. अमेरिकेची डेबी थॉमस १९८८ ला कांस्य घेऊन पुढे हाडांची सर्जन झाली, टेनली ऑलब्राइट १९५६ चं सुवर्ण घेऊन सर्जन झाली. शाळा सोडायला लावणारा कोच भेटला तर त्याच दिवशी पोरीला घरी आणा.

बर्फ दाखवायचा असेल तर जरूर दाखवा. उन्हाळ्याच्या सुटीत देहरादून किंवा गुरुग्रामला न्या, भाड्याचे स्केट मिळतात, चार तास खेळू द्या. पण वावर, खोली, बदली यातलं काही आत्ता नको. आत्ता तिला कडा शिकवणारं माणूस हवं. महिन्यातून दोन रविवार नागपूरला आणता आलं तर मी बघते. फी नको. सुतळी घेऊन या, माझी तुटली आहे.

पीटीचा_तास

जुनी_चाकं ताई, तुमच्यासारखी माणसं कुठं लपून बसतात हो!

मी यवतमाळ जिल्ह्यात जिल्हा परिषद शाळेवर आहे. कागदांचं सांगतो, कारण शेवटी मामाले तेच उपयोगी पडणार. शालेय क्रीडा स्पर्धांत रोलर स्केटिंग आहे. शाळेमार्फत नाव नोंदवा, क्लबमार्फत नुसतं खेळून भागत नाही. दहावी-बारावीले खेळाचे सवलतीचे गुण अन पुढे सरकारी नोकरीत खेळाडूंचं ५ टक्के आरक्षण, दोन्हींसाठी प्रमाणपत्र कोणत्या स्पर्धेचं आहे हे पाहतात. नोकरीच्या वेळी विभागीय क्रीडा उपसंचालकांकडून पडताळणी होते. वर्धा म्हणजे नागपूर विभाग.

सांभाळायचं ते असं की "राष्ट्रीय", "आंतरराष्ट्रीय" नाव लावून पैसे घेऊन मेडल वाटणाऱ्या स्पर्धा गल्लोगल्ली आहेत. माझ्या एका विद्यार्थ्याच्या बापानं अशा एका "इंटरनॅशनल"साठी कर्ज काढलं, पोरगं परदेशी मेडल घेऊन आलं, पडताळणीत तो कागद शून्य. फॉर्म भरायच्या आधी जिल्हा क्रीडा कार्यालयात जाऊन स्पर्धा मान्य यादीत आहे का ते तोंडी नाही, लेखी विचारा.

निंबाचा_पार काका, पोलीस भरतीलेही खेळाडूंचा कोटा आहे बरं का. झालं तुमचं समाधान?

निंबाचा_पार

झालं. आता मी काही बोलत नाही. फक्त पोट्टीच्या पायात गुडघ्याले काही बांधता का नाही ते सांगा, शेडमधला कोबा मले माहीत आहे.

कापूसकोंडी

काका, गुडघ्याले, कोपराले, दोन्ही आहे. हेल्मेटची कटकट करते, पण घालते.

जुनी_चाकं ताई, तुमाले वेगळा निरोप पाठवला आहे. नागपूर लांब पडते, पण पहाटेची एसटी आहे. महिन्यातून दोनदा जावई घेऊन येतील म्हणतात. स्वतः म्हणाले. ताईची एकच अट आहे, परीक्षेच्या महिन्यात नाही. बर्फाचं पोरीले सांगितलं की दिवाळीनंतर पाहू, तर म्हणे दिवाळीनंतर म्हणजे कोणत्या तारखेले? मी तूर्त उत्तर दिलं नाही.

एक अडचण राहिली. शेजारी जिनिंग आहे, हंगामात रुई उडते. चाकं दोन दिवसांत जड होतात. काल खोलून पाहिलं तर बेअरिंगच्या झाकणाआड रुईचे तंतू गुंडाळलेले, काळे झालेले, सुईनं ओढून काढले. धुवायचे कशानं? अन नवे घ्यायचे तर आर्वीत मोटार रिवाइंडिंगवाल्याकडे मिळतील का? तो नंबर विचारते.

हैदराबादी_वऱ्हाडी

मिळतील. धुरा मोजा आधी. ८ मिमी असेल तर ६०८, ७ मिमी असेल तर ६२७. बाहेरून दोन्ही २२ मिमीच दिसतात, म्हणून जुना बेअरिंग खिशात घालूनच दुकानात जा. दोन्हीकडून झाकण असलेला मागा, उघडा नको, तुमच्याकडे रुई आहे.

धुताना झाकण काढून पेट्रोलमध्ये हलवा, पूर्ण सुकू द्या, मग शिलाई मशीनच्या तेलाचा एकच थेंब. जास्त टाकलं तर रुई अजून चिकटेल. आणि पेट्रोलचं काम शेडच्या बाहेर करा.